‘तोंडातलं प्रेत’ उपटायला निघण्याआधी

“डॉक्टर, माका ता रूट कॅनल नको. दाढ उपटूनच टाका.” गेल्या महिन्याभरात कणकवलीतल्या माझ्या दवाखान्यात हे इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी एका काकींच्या फोनवरचा तो मेसेज मी मागून घेतला. त्यात लिहिलंय: रूट कॅनल केलेला दात म्हणजे तोंडातलं प्रेत. त्याचं विष रक्तात जातं, कॅन्सर होतो. आत रबर कोंबतात. नवी मशीनं फक्त बिल फुगवायला. आजोबांच्या वेळी उपटत, तेच बरं.

आधी प्रेताचं बघू. रूट कॅनलमध्ये आम्ही काढतो ती दाताच्या आतली नस, आणि मुळातली रिकामी वाट साफ करून भरतो. किडीनं ती सडलेली असते किंवा सडायच्या वाटेवर असते. पण दात हाडात उभा असतो तो मुळाभोवतीच्या तंतूंच्या आधारानं, आणि त्या तंतूंना रक्त हाडातून आणि हिरडीतून मिळतं. ते जिवंतच राहतात. म्हणून रूट कॅनल झालेल्या दाढेखालीही भातातला खडा आला की लगेच कळतं.

विषाची गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे. वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्यानं रुग्णांचे रूट कॅनल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडले, आणि १९२०च्या दशकात हजारो लोकांचे दात त्या भीतीनं उपटले गेले. पुढे काटेकोर प्रयोगांत तो निष्कर्ष टिकला नाही.

कॅन्सरबद्दल मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या कितीतरी घरांत फळीवर मशेरीचा डबा आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तोंडात धरलेल्या तंबाखूनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. रूट कॅनलनं होतो असं सिद्ध झालेलं नाही. भ्यायचंच असेल तर त्या डब्याला भ्या.

आता ‘रबर’. मुळात कांडी करून भरतात ते गटापर्चा, मलायाकडच्या एका झाडाचा चीक. आपल्या परसातला चिकू आणि देवळापुढची बकुळ याच झाडाच्या कुळातली. दातांत तो एकोणिसाव्या शतकापासून वापरतात. आजच्या कांडीत चीक थोडा आणि झिंक ऑक्साइड जास्त असतं. मुळाला भोक पडलं असेल तिथे एमटीए नावाचं सिमेंट लावतात. १९९३पासून ते माहीत झालं. ते पोर्टलँड सिमेंटच्याच जातीचं आणि ओलाव्यात घट्ट होणारं. जबड्यात कोरडी जागा मिळत नाही, म्हणून त्याचं मोल.

मशीनांवरचा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. खालच्या दाढेची मुळं बऱ्याचदा वाकडी असतात. ती आतून साफ करायची सुईसारखी बारीक कानस म्हणजे फाईल. पोलादी फाईल ताठ, ती वाकड्या वाटेत सरळ जाऊ बघते आणि मुळाची भिंत खरवडते. १९८८मध्ये दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियमच्या तारेपासून फाईल करून बघितली, ती पोलादाच्या दोन-तीन पट लवचीक निघाली. तेव्हापासून वाकडं मूळ साफ करणं पुष्कळ सोपं झालं. ओठाला हुक लावून पिकपिक करणारी पेटी असते, तिचं मूळ सुनादा या जपानी संशोधकाच्या १९६२च्या कामात आहे. फाईल मुळाच्या टोकाशी आली की विजेचा रोध ठरावीक आकड्यावर येतो आणि पेटी ते कळवते, त्यामुळे फाईल टोकाबाहेर जाऊन हाडाला टोचत नाही. ही यंत्रं दाढ वाचवायला आहेत.

बिलाचं गाऱ्हाणं मात्र खरं. वर कॅप लागते, दोन-तीन खेपा होतात, आणि फोंडाघाटाहून एसटीनं येणाऱ्याची दर खेपेला मजुरी बुडते. हे मी नाकारत नाही. पण उपटलेल्या जागी काही बसवलं नाही तर शेजारची दाढ कलते, समोरची खाली किंवा वर सरकते, हाड झिजतं. मग तो खर्च मोठा.

आजोबा उपटत, कारण दुसरा उपाय हाताशी नव्हता. उपटावीच लागते अशीही दाढ असते: मूळ उभं चिरलेलं, हाड संपलेलं. ते एक्स-रेत आणि तपासणीत ठरतं. त्या काकींचा एक्स-रे मी काढला. मुळं अखंड आहेत, हाड चांगलं आहे. त्यांना गुरुवारी बोलावलंय.