«पाण्याचा काय संबंध?» म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं: शहरात धरणाचं पाणी सगळ्यांना सारखंच मिळतं, अंगणवाडीत आहार फुकट आहे, तरी वस्तीतली मुलं खुरटलेली (वयाच्या मानाने उंची कमी), म्हणजे दोष आईबापांचा. पाणी आणि संडास हे नुसतं निमित्त. वाचून चीड येते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

«पाणी सारखंच.» धरण एक असेल, घरात पोचणारं पाणी एक नसतं. वस्तीत नळ ठरावीक वेळेला येतो आणि पाइप बऱ्याचदा गटारालगत, कधी गटारातूनच गेलेला असतो. पाणी गेलं की पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. नळ आल्यावर पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, हे तिथल्या बायकांना सांगावं लागत नाही. उरलेलं पिंपात भरायचं, आणि दिवसभर त्यात घरातल्या सगळ्यांचे हात बुडतात. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारे कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडले. आणि पुण्याला पाणी देणारं खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

«खायला मिळतं ना?» मिळतं, पण अंगी लागत नाही. वरचेवर जुलाब झाले की भूक मरते, खाल्लेलं वाहून जातं. जुलाब नसतानाही पोटात सतत घाण जात राहिली तर लहान आतड्याचं अस्तर झिजतं, अन्नातलं सत्त्व शोषलं जात नाही. हे नेमकं पहिल्या दोन वर्षांत होतं, आणि तेव्हा खुंटलेली उंची पुढे क्वचितच पूर्ण भरून निघते.

«आम्हीही विहिरीचं पाणी पिऊन वाढलो.» जे वाढले तेच हे सांगायला उरलेत. 1971 मध्ये देशात हजारी 129 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 2020 मध्ये 28.

«परदेशातल्या प्रयोगांत फरक पडला नाही.» हा मेसेजमधला एकमेव वजनदार मुद्दा, आणि तो खरा आहे. बांगलादेश, केनिया, झिंबाब्वेत घरोघरी संडास आणि हात धुण्याची सोय दिली, पाणी शुद्ध करायला क्लोरीन दिलं. उंची वाढली नाही. पूरक आहार दिला तिथे थोडी वाढली. म्हणजे आहार हवाच. पण त्या प्रयोगांत घरात नळ आला नव्हता, मैला वाहून नेणारी गटारं आली नव्हती. बांगलादेशात जुलाब मात्र कमी झाले. स्वस्तातली सोय पुरली नाही, एवढंच यातून दिसतं.

राहिला आईबापांचा दोष. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) सर्वांत गरीब गटातली 46 टक्के मुलं खुरटलेली आढळली, सर्वांत सधन गटातली 23 टक्के. गरीब आईबापांचं प्रेम निम्मं असतं का? सार्वजनिक संडासात रांग असते, भांडं मोठ्यांच्या मापाचं असतं, म्हणून आई लेकराला गटाराच्या कडेला बसवते. अंगणवाडीत वजन कमी भरलं की तिलाच विचारतात, काय खाऊ घालतेस? तिच्या दारातला पाइप गटारातून कधी वर काढणार, हे पालिकेला कोण विचारणार?