दहा मिनिटांच्या आवाजात भाषा येत नाही

‘न्यूरल नेटवर्क आलं, आता आवाजातून फीचर्स काढायची गरज संपली. 2012 पूर्वी स्पीच रेकग्निशनमध्ये नेटवर्क नव्हतंच. कच्चा आवाज द्या. कुठल्याही भाषेला दहा मिनिटांचं लिहून काढलेलं बोलणं पुरतं.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. (स्पीच रेकग्निशन म्हणजे बोलणं ऐकून संगणकाने ते लिहून काढणं; न्यूरल नेटवर्क म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकी रचना; फीचर्स म्हणजे आवाजातून काढलेले, ध्वनी ओळखायला उपयोगी आकडे.) तो वाचून माझी भाची सिग्नल प्रोसेसिंगचा, म्हणजे आवाजासारख्या लहरींवर गणिती प्रक्रिया करण्याचा, विषय सोडायला निघाली, म्हणून हे लिहितोय.

आधी ती दहा मिनिटं, कारण खरं नुकसान त्यांनीच होतं. आकडा 2020 च्या वेव्हटूवेक 2.0 या, आवाजावरून शिकणाऱ्या नेटवर्कवरच्या शोधनिबंधातला. लिहून काढलेला आवाज दहाच मिनिटांचा होता, कबूल. पण त्याआधी नेटवर्कने सुमारे 53,000 तासांचं इंग्रजी वाचन ऐकलं होतं आणि चाचणीही इंग्रजी वाचनाचीच होती. शिवाय पुस्तकांच्या प्रचंड मजकुरावर शिकलेलं वेगळं लँग्वेज मॉडेल, म्हणजे कुठल्या शब्दामागून कुठला येईल हे सांगणारं मॉडेल, जोडलेलं होतं. ते असताना स्वच्छ आवाजावर 4.8 टक्के चुका. ते काढलं की त्याच निबंधात चुका 40 टक्क्यांच्या घरात, म्हणजे पाचातले दोन शब्द चुकलेले! जिच्याकडे ना एवढी ध्वनिमुद्रणं ना एवढा मजकूर, त्या भाषेसाठी कुणी आवाज गोळा करून लिहून काढत असेल, तर या एका वाक्याने त्याचं काम बंद पडू शकतं.

‘फीचर्स संपली’ म्हणे. 2022 चं व्हिस्पर हे बोलणं लिहून काढणारं मॉडेल 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकलं, तरी त्याला कच्चा आवाज देत नाहीत; 25 मिलिसेकंदांचे तुकडे पाडून 80 पट्ट्यांचं लॉग-मेल चित्र देतात, म्हणजे कानाच्या ऐकण्याला धरून पाडलेल्या प्रत्येक वारंवारता-पट्टीत किती जोर आहे ते. एमएफसीसी या जुन्या, प्रचलित फीचर्समध्ये अशाच पट्ट्यांवर शेवटी एक कोसाइन गणिताची पायरी असे; ती मात्र बरीचशी मागे पडली, एवढं मानतो. ती मुख्यतः नेटवर्कआधीच्या जुन्या संख्याशास्त्रीय गॉसियन मॉडेलांच्या सोयीसाठी होती. वेव्हटूवेक कच्चा आवाज घेतं हेही खरं, पण त्याचे पहिले सात थर दर 20 मिलिसेकंदांना एकेक फीचर व्हेक्टरच, म्हणजे फीचर्सची यादीच, तर काढतात.

‘2012 पूर्वी नेटवर्क नव्हतंच’ हे तर सोडाच. हर्मान्स्की, एलिस आणि शर्मा यांची टँडम पद्धत 2000 सालची: नेटवर्कने काढलेल्या ध्वनींच्या शक्यता हीच फीचर्स, आणि पुढे तीच जुनी गॉसियन प्रणाली. गोंगाटात बोललेले अंक ओळखताना चुका 35 टक्क्यांनी घटल्या.

भाचीला एवढंच सांगितलं: सेकंदाला 16,000 नमुन्यांवर (म्हणजे आवाजाच्या तेवढ्या मोजमापांवर) शिकलेल्या मॉडेलला टेलिफोनचा 8,000 नमुन्यांचा आवाज तसाच दिला, तर त्याच्या लेखी माणूस दुप्पट वेगाने बोलतो. नमुने वाढवून दिले, तरी 4,000 हर्ट्झच्या वरचं काही परत येत नाही, आणि ‘स’चा बराचसा जोर तिथेच असतो. हे त्या सोडू घातलेल्या विषयातच शिकवतात.