गाडीवाट बुजवा आणि मग ‘ट्रेल पार्क’ मागा

डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट लांबणार. कंटाळा येणाऱ्यांनी आत्ताच पुढं सरकावं.

बार्शी रोडला आपल्या उत्तर सोलापूर तालुक्यात एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तिथं दहा थार आणि वीस बुलेट उभ्या राहतील. गावाच्या मागच्या अंगानं, मारुतीच्या देवळापासून एक जुनी गाडीवाट निघते. सुरुवातीला दोन्ही बाजूंना ज्वारी, मग बांधाला बोरी आणि हिवर, मग पाझर तलावाच्या सांडव्यातून वाट एकदम माळावर चढते. तिथून पुढं चढ-उतार, चढ-उतार. एकही चढ नाव घेण्याइतका मोठा नाही, पण मुरूम सगळा सुटा. पुढं वाकलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, मागं बसलं की पुढचं उचलतं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात सायकल येते की नाही ते कळतं.

आज सकाळी गेले तर वाटेच्या तोंडालाच जेसीबीनं चर मारलाय. कमरेइतका खोल. पलीकडं मातीचा ढीग, ढिगावर वेड्या बाभळीच्या फांद्या. सायकल खांद्यावर घेऊन उतरायचा प्रयत्न केला, बुटात काटे भरले, परत आले.

घरी येऊन फोन बघते तर सायकलवाल्यांच्या ग्रुपवर चर्चा चाललीय की सोलापुरात माउंटन बायकिंगला, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या सायकलिंगला, ‘काहीच स्कोप नाही’. इथं कुठं डोंगर आहेत? कुणीतरी जागा घ्यावी, सायकलसाठी बांधीव वाट म्हणजे ट्रेल करावा, जंप कराव्यात, तिकीट लावावं, शेजारी कॅफे. सव्वा लाखाची सायकल गाडीच्या टपावर बांधून साताऱ्याला नेणारी ही माणसं. हॉटेलातून ट्रेलवर, ट्रेलवरून हॉटेलात. तुळजापूरचा घाट सोडला तर शहराच्या आजूबाजूची एक कच्ची वाट यांना माहीत नाही, आणि म्हणे स्कोप नाही!

अहो, हा खेळच मुळात असल्या वाटांवर जन्मला. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातली काही टाळकी जुन्या जाड टायरच्या भंगार सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटायची. वणवा विझवायला जाता यावं म्हणून केलेले ते रस्ते. कॅफे नव्हता, तिकीट नव्हतं. पुढं 1996 ला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला. आणि आपल्याला गावागावात आयत्या वाटा आहेत, बैलगाड्यांनी शंभर वर्षं दाबून दाबून पक्क्या केलेल्या, त्या दिसत नाहीत.

मला ती वाट एका धनगर आबांनी दाखवली. मृगाचा पाऊस होऊन गेला होता आणि मी काळ्या रानाच्या कडेनं सायकल घातली. काळ्या मातीत ओल्यात सायकल घातली आहे का कुणी? चार फेऱ्यांत चाकाला थर चढतो, आठव्या फेरीला टायर आणि फ्रेमच्या मधली फट भरते, मग चाक फिरतच नाही. ढकलताही येत नाही, उचलावं तर दुप्पट वजन. मी बांधावर बसून काडीनं माती उकरत होते. आबा मेंढरं घेऊन चालले होते. थांबले, कमरेचा विळा काढला आणि थेट टायरला लावला. मी ओरडले, “आबा, टायर फाटंल!” “फाटत न्हाई गं,” म्हणाले आणि बोटभर जाडीची माती अशी सोलून काढली की रबराला ओरखडासुद्धा नाही. मग म्हणाले, “काळ्या रानातनं कशाला घातलीस गं माय? पाऊस झाला की माळानं जायाचं. मुरूम पाणी पितोय.” आणि मेंढरं सोडून माझ्यासोबत सांडव्यापर्यंत चालत आले, वाट दाखवायला.

त्याच वाटेवर आज चर आहे.

आता कुणीतरी कॉमेंट टाकणारच की ताई, शेतकऱ्याची जमीन आहे, तुमचं काय? तर ऐका. गावाचा नकाशा काढून बघा, महाभूनकाशाच्या सरकारी वेबसाइटवर नाहीतर भूमी अभिलेखच्या कार्यालयात. तुटक एकेरी रेघ असते ती पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. ही वाट नकाशावर दुहेरी आहे. प्रत्यक्षात आज सकाळी दोन्ही बाजूंनी नांगरून तिची पाच फूटसुद्धा उरलेली नव्हती. दरवर्षी नांगराचं एक तास इकडून, एक तास तिकडून. पूर्वापार वहिवाटीची वाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडं जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने गप्प बसलं की तो सोपा मार्ग गेला, मग बसा दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत.

मान्य, पाणंदीचं खडीकरण व्हायलाच पाहिजे; वस्तीवरची पोरं चिखलातून शाळेला जातात आणि ऊस वेळेत बाहेर निघत नाही, तिथं माझ्या सिंगल ट्रॅकचं, एका सायकलीपुरत्या वाटेचं, कौतुक कोण ऐकणार. पण चर मारणं म्हणजे खडीकरण नव्हे ना!

हे सगळं मी आज सकाळी तिथंच, चर मारणाऱ्या शेतकऱ्यालाही सुनावणार होते. तो आला पण. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, “ताई, तुमच्यासाठी न्हाई वो मारला. पोरं येऊलालेत शहरातनं, मोटरसायकली घालूलालेत रानात, व्हिडिओ काढूलालेत.” आणि मला हरभऱ्यात घेऊन गेला. वीतभर उगवलेला हरभरा, आणि त्यातून टायरचे गोल. एक नाही, गोलावर गोल, कंपासनं काढल्यासारखे. काही ठिकाणी रोप मुळासकट बाजूला फेकलेलं, वाळून गेलेलं. दीड एकर रान आहे त्याचं. माझा आवाज बसला. काय बोलणार? “बघा की,” एवढंच म्हणाला आणि बाटलीतलं पाणी माझ्यापुढं केलं.

म्हणजे राग बरोबर आहे, पण आता तो कुठं काढायचा ते बदललंय. ती गोल फिरणारी पोरं आपलीच आहेत. कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या. रीलला आपणच लाईक देतो, “एक नंबर भावा” लिहितो. हरणांच्या कळपामागं गाडी पळवतानाचे व्हिडिओही मी पाहिलेत. काळवीट आहे ते, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासून आहे आणि आज माळढोक दिसणं म्हणजे नशीब. उरल्यासुरल्या गवताला तुम्ही ‘ओपन ग्राउंड’ म्हणता? अभयारण्यात सायकलसुद्धा घालायची नाही, विषय संपला. बाहेरच्या माळावरही वाट सोडायची नाही.

हेसुद्धा मला आबांनीच सांगितलेलं. सांडव्यापाशी एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत जीव काढून ओरडत होती. आबांनी काठीनं माझं पुढचं चाक अडवलं. “गाडीवाट सोडू नगंस. अंडी हायती.” मला काही दिसेना. त्यांनी काठी टेकवली तेव्हा दिसली, मुरमाच्या खड्यांत चार अंडी, मातकट, काळे ठिपके, निमुळती टोकं आतल्या बाजूला. वाटेपासून दोन हातांवर. चाकोरीतून गेलं तर काही होत नाही, मजा म्हणून बाजूनं गेलं तर संपलं. त्या माणसानं ना तिकीट घेतलं ना बोर्ड लावला, आणि ट्रेल कसा वापरायचा ते दोन वाक्यांत सांगितलं. आमच्या ग्रुपला तेवढ्यासाठी पीडीएफ लागते.

आबांची मेंढरंही त्याच वाटेनं जायची. ती आता कुठून जातात, हे विचारायचं आज राहूनच गेलं. ग्रुपमधल्या एकाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, “काय बे, तू पण धनगराच्या मेंढरांचं घेऊन बसलीस.” फोन ठेवला. खरंच ठेवला.

तर आता. तक्रार मी करणार नाही, माझं तिथं रान नाही. चराच्या पलीकडं ज्यांची शेतं आहेत, ज्यांचं दूध रोज त्या वाटेनं निघायचं, अर्ज त्यांनी द्यायचा. मी नकाशाची प्रत काढून देणार आणि लागला तर अर्जही लिहून देणार. त्या शेतकऱ्यालाही भेटणार. मोटरसायकल अडेल पण बैलगाडी, मेंढरं जातील असं काहीतरी काढता येईल का, हे त्याच्याशीच बोलावं लागेल. दोन दगडी खांब रोवता येतील, मला अजून सुचलेलं नाही. कुणी कुठं असं केलेलं पाहिलं असेल तर सांगा, फोटो असेल तर उत्तम.

आणि मोटरसायकलवाल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर हरभऱ्याची भरपाई त्या माणसाच्या हातात नेऊन द्या, माझ्या इनबॉक्समध्ये सॉरी नको.

रविवारच्या ग्रुपराईडचा मेसेज कृपया कुणी टाकू नका. वस्तीवरच्या लोकांशी आधी बोलणं होऊ दे.