शंका यायलाही माहिती लागते

एक दावा वेगवेगळ्या रूपांत सारखा फिरत असतो. त्याचा आशय असा: माहिती डोक्यात साठवण्याचे दिवस गेले. फोन खिशात आहे, हवं ते काही सेकंदांत सापडतं. शंका आली तर शोधा, चार ठिकाणी तेच दिसलं की खरं माना आणि रोजच्या बातम्या चुकवू नका. एवढं केलं की तुम्ही जाणकार.

यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं आहे, म्हणून ते पटकन पटतं. ते एकेक करून तपासू.

‘डोक्यात साठवायची गरज नाही’

फोन नंबर, एककांची कोष्टकं, विक्रमांच्या याद्या यांच्या बाबतीत हे मान्य. पण शोधण्याआधी शंका यावी लागते, आणि ती आधीच्या माहितीतूनच येते. एखाद्या आजारानं जगात दरवर्षी 10 कोटी माणसं दगावतात, असं कुठे वाचलं तर? जगात सगळ्या कारणांनी मिळून वर्षाला साधारण 6 कोटी मृत्यू होतात, एवढं ज्याला ठाऊक आहे तो तिथेच थांबतो. ज्याला ठाऊक नाही त्याला शोधावंसंच वाटत नाही. त्याच्या लेखी शोधण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

वाचलेलं समजण्याचंही तसंच. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुलं, वाचनात तरबेज पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा तो डाव अधिक नीट सांगू शकली. याचं एक कारण असं की मेंदू एका वेळी चारेक नव्या गोष्टीच हाताशी धरू शकतो. दर दुसऱ्या शब्दाला शोध घ्यावा लागला, तर वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते.

म्हणून प्रत्येक विषयातले मोजके आकडे, मोजक्या तारखा आणि कशामुळे काय होतं याची साखळी पाठ असलेली बरी. जगाची लोकसंख्या सुमारे 800 कोटी, वर्षाला जन्म सुमारे 13 कोटी, मृत्यू सुमारे 6 कोटी: या तीन आकड्यांवर कितीतरी अचाट दावे जागच्या जागी गळतात.

‘शंका आली तर शोधा’

सगळ्यात घातक सल्ला हाच, कारण तो ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो. 2023 च्या अखेरीस ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खोट्या बातम्या पडताळण्यासाठी लोकांना इंटरनेटवर शोध घ्यायला सांगितलं होतं. शोध घेतल्यावर त्या बातम्यांवरचा त्यांचा विश्वास सरासरीनं कमी झाला नाही, उलट वाढला. ज्यांच्यासमोर हलक्या दर्जाची पानं आली, त्यांच्यात हा परिणाम विशेष दिसला.

असं होतं कारण ताज्या अफवेबद्दल भरवशाच्या ठिकाणी अजून काहीच लिहिलेलं नसतं. अफवेचे शब्द वापरणारी पानं मात्र तयार असतात. मथळा जसाच्या तसा शोधात टाकला की नेमकी तीच पानं वर येतात.

त्यामुळे मथळा चिकटवू नका. त्यातून संस्था, ठिकाण, तारीख, औषध अशी नामं वेगळी काढा आणि तेवढीच टाका. भडक विशेषणं गाळा. निष्कर्ष प्रश्नात घालू नका: ‘अमुक औषधाचे भयंकर परिणाम’ असं शोधलं तर तेच मिळेल, ‘अमुक औषधावरचे अभ्यास’ असं शोधा. निकाल आले की पहिल्यावर लगेच बोट ठेवू नका, आधी निदान पहिल्या दहांचे पत्ते आणि प्रकाशकांची नावं वाचा.

पान उघडल्यावर काय करायचं, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका अभ्यासानं दाखवून दिलं. 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 विद्यार्थी यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं दिली होती. एक 1930 पासूनची, हजारो सदस्यांची मुख्य संघटना. दुसरा 2002 मध्ये तिच्यातून फुटलेला छोटा गट. बहुतेक विद्यार्थ्यांनी गटाचं स्थळ अधिक विश्वासार्ह ठरवलं, इतिहासकारही गोंधळले. दोघंही त्याच पानावर मांडणी, संदर्भांची यादी, ‘आमच्याविषयी’ हे सगळं बारकाईनं वाचत बसले. तपासनीसांनी काही क्षणांतच पान सोडलं, नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. त्यांच्यातला एकही चुकला नाही. संस्था स्वतःबद्दल जे लिहिते त्यावरून तिची पारख होत नाही. पान बाजूला ठेवा, तिचं नाव शोधा, आणि तिची बाजू खोडणाऱ्यांचं म्हणणंही वाचा.

‘चार ठिकाणी तेच दिसलं की खरं माना’

2008 मध्ये कोणीतरी विकिपीडियावर गमतीनं घातलं की कोआटी या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ही म्हणतात. पुढे ब्रिटनमधल्या नामांकित वृत्तपत्रांनी ते उचललं, आणि मग तीच वृत्तपत्रं त्या वाक्याचा आधार म्हणून दाखवली जाऊ लागली. ठिकाणं वाढत गेली, पण उगम एकच होता आणि तोही बनावट.

म्हणजे मोजायचे ते उगम. एखादं वेगळं वाक्य अवतरण चिन्हांत टाकून शोधा. शब्दन् शब्द, चुकांसकट सगळीकडे सारखाच असेल तर ती एकाचीच नक्कल आहे. निकाल तारखेनुसार लावून सर्वांत जुना गाठा. बातमीत ‘एका अभ्यासानुसार’ असेल तर तो अभ्यासच उघडा: किती माणसं होती, तुलना कोणाशी केली, की प्रयोग उंदरांवर होता? छायाचित्र असेल तर उलट प्रतिमा-शोध करा, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच शोधात टाका. काही सापडलं नाही तर चित्रातला ओळखू येणारा भाग, पाटी किंवा इमारत, कापून पुन्हा शोधा. जुनं चित्र नव्या घटनेला चिकटवणं ही सर्रास चालणारी युक्ती आहे.

चॅटबॉटचं उत्तर हे स्वतंत्र ठिकाण धरू नये. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, प्रत्यक्षात नसलेले निकाल न्यायालयात दाखल केले आणि 5,000 डॉलरचा दंड ओढवून घेतला. असे निकाल खरंच आहेत का, हे त्यांच्यातल्या एकानं त्याच चॅटबॉटला विचारलं होतं. चूक तिथे झाली. दिलेला संदर्भ बाहेर जाऊन उघडता आला, तरच तो धरायचा.

‘रोजच्या बातम्या चुकवू नका’

बातमी काल काय बदललं ते सांगते. तीस वर्षांत हळूहळू बदललेलं तिच्यात बसत नाही. 2017 मध्ये गॅपमाइंडर या संस्थेनं 14 देशांतल्या सुमारे 12,000 लोकांना गरिबी, लसीकरण, मुलींचं शिक्षण अशा विषयांवर प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय होते. 12 प्रश्नांपैकी सरासरी 2 उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी 4 आली असती. म्हणजे लोकांच्या मनातलं चित्र नुसतं अपुरं नव्हतं, एकाच बाजूला झुकलेलं होतं.

आकडेही बातमीत अर्धेच येतात. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट झाला होता हे खरं, पण 7,000 बायकांमागे 1 वरून 2 असा. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. ‘दुप्पट’, ‘निम्मं’, ‘40 टक्क्यांनी’ असं दिसलं की आधी किती होतं आणि किती जणांमागे, हे दोन आकडे मिळेपर्यंत कसलाही निर्णय घेऊ नका.

‘एवढं केलं की तुम्ही जाणकार’

2015 मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की इंटरनेटवर स्पष्टीकरणं शोधून आलेली माणसं, न शोधलेल्या वेगळ्याच विषयांतही स्वतःला अधिक जाणती समजू लागतात. सापडलेलं आणि समजलेलं यातली सीमा आतून जाणवत नाही, ती बाहेर काढावी लागते. वाचून झालं की फोन उलटा ठेवा आणि कागदावर पाच ओळी लिहा: हे कशामुळे होतं, आकडा किती, तो कोणी मोजला, आणि काय आढळलं तर हे चूक ठरेल? जी ओळ लिहिता येत नाही तिच्यावर खूण करा आणि पुढचा शोध फक्त तेवढ्यासाठी घ्या.