औशाचं हवामान, व्हाया कुलाबा

एखादं वाक्य माणूस सहज बोलून जातो आणि मग वर्षानुवर्षं ते फेडत बसतो. माझं वाक्य होतं, “वेधशाळा ना? ती तर आमच्या ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर.” हे मी बोललो लातूर जिल्ह्यातल्या आमच्या औशाला, चुलतभावाच्या लग्नात, पंगतीत. शेजारी तात्या होते, माझे थोरले चुलते. त्यांच्या हातातलं भजं वरच्या वर थांबलं. “कुलाबा वेधशाळा? टीव्हीत सांगतेत ती?” मी म्हटलं, “तीच.” भजं त्यांनी खाल्लं, पण तोवर माझी नेमणूक झाली होती.

वास्तविक मी हिशेब तपासणारा माणूस. वेधशाळा 1826 पासून कुलाब्यात आहे, मी अकरा वर्षांपासून, आणि आमची अजून ओळख झालेली नाही. हे तात्यांना पटत नाही. “येता-जाता इचारायला काय होतंय रे लेकरा?” त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एक खिडकी असावी, आत चष्मा लावलेले एक साहेब. मी वाकून विचारायचं, “औसा?” त्यांनी वही उघडून सांगायचं, “गुरुवारी दुपारी चारला. तुमच्या तात्यांच्या बांधापर्यंत. पुढं नाही.”

जून-जुलैत तात्या मला काही विचारत नाहीत. तेव्हा पाऊस हवा असतो, आणि हवा असलेल्या पावसाची चौकशी ते थेट वरच करतात. माझी पाळी दसऱ्याला सुरू होते. सोयाबीन शेंगेत वाळून उभं असतं. ते काढायचं, बनीम म्हणजे गंजी लावायची, ताडपत्री टाकायची, मग हडंबा म्हणजे मळणीयंत्र आणून रास करायची. मधेच पाऊस आला की दाणा काळा पडतो. ओल राहिली तर शेंगेतच कोंब फुटतात. आणि बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की हमीभावाच्या केंद्रावर आपल्या पोत्यांकडे लोक असे बघतात, जणू ती चोरून आणलीत. ऑफिसात मी एकदा म्हणालो, “आमच्या लातूरकडे आठवडाभर पाऊस न पडो.” सगळे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना लातूर म्हणजे 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी मागवणारं गाव.

दुसरी चूकही माझीच. पुढच्या आठवड्यांचा अंदाज हवामान खातं दर गुरुवारी काढतं, हे मी तात्यांना सांगून बसलो. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी वेगळा कृषी हवामान सल्ला येतो, तेही सांगितलं. म्हणजे मंगळवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन वार मी स्वतःच्या हातानं दिले. देवाचे वारसुद्धा माझ्याकडून इतके पाळले जात नाहीत.

फोन रात्री नऊला येतो. मी चष्मा लावून वाचतो, “लातूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस.”

“तुरळक म्हंजे?”

“म्हणजे जिल्ह्यात पाऊस मोजायची जितकी ठिकाणं, त्यातल्या फार तर पंचवीस टक्के ठिकाणी.”

“मंग आपलं रान त्या पावात हाय का पाऊणात?”

यावर जगातल्या कोणत्याही वेधशाळेकडे उत्तर असेल तर मी राजीनामा देऊन तिथं शिपाई व्हायला तयार आहे.

‘हलका ते मध्यम’चीही तीच कथा. मी जिज्ञासेपोटी बघितलं. खात्याच्या हिशेबात हलका पाऊस अडीच मिलिमीटरपासून सुरू होतो आणि मध्यम पाऊस 64.4 ला संपतो. म्हणजे एका टोकाला अंगणातली धूळ बसते आणि दुसऱ्या टोकाला बनीम पोहते, आणि दोन्हींना मिळून शब्द तीन. मी हे तात्यांना आकड्यांसकट सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या वेवायासारखं बोलतेत हे लोक. दहा हजारापस्नं दोन लाखापर्यंत कितीबी देतो म्हनले हुते.”

रंगांचं तर विचारूच नका. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, एवढाच त्याचा अर्थ. पण तात्यांना तो गाडीच्या सिग्नलसारखा वाटतो. “पिवळा हाय ना? मंग पटकन काढून घेतो.”

ऑक्टोबरचा पाऊस असा का वागतो हेही मी त्यांना समजावून बघितलं. मोसमी वारे माघारी फिरलेले असतात, पण जमिनीत ओल आणि हवेत दमटपणा उरलेला असतो. सकाळी कडक ऊन पडतं, तापलेली दमट हवा वर चढते, तीनच्या सुमारास ढगाचा मनोरा उभा राहतो आणि जिथं उभा तिथंच कोसळतो. शेजारच्या शिवारात टिपूस नाही. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बैलाचं एक शिंग वलं अन् एक कोरडं. आज्जा सांगायचा. त्याला काय कुलाब्याला जावं लागतंय?”

मग मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, “तात्या, 26 जुलै 2005. एकच मुंबई. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला 73. एका शहरात जर असं, तर साडेचारशे किलोमीटरवरच्या तुमच्या सात एकरांचं मी काय सांगू?”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काकूंना सांगताना ऐकू आलं, “अगं, ह्यो बसतोय त्या बाजूला पाऊस पडलेला कळतच नाही म्हनं.”

तेव्हापासून पुण्याच्या भाच्याचंही मत घेतलं जातं. तो शिमला ऑफिस चौकाजवळ राहतो. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून पुण्यात आलं, पुढं ते दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटलं. भाचा तिथं फक्त बस पकडतो. पण तात्यांच्या लेखी आता दोन तज्ज्ञ आहेत, आणि आमच्यात एकमत नसलं की दोघांनाही फोन येतो. काकूंचा कारभार वेगळा. त्यांच्याकडे पंचांग आहे. हस्त नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं की ताडपत्री, कोल्हा निघाला की वाळवण. त्यांचा अंदाज माझ्याइतकाच चुकतो, पण त्यांना कोणी रात्री नऊला फोन करत नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये तर कळसच झाला. संध्याकाळची ठाणे स्लो. बाहेर मुंबईचा ऑक्टोबर. म्हणजे पारा पस्तीसच्या वर, जमिनीवरून येणारे वारे खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत शहरात पाऊल टाकू देत नाहीत, आणि शर्टाला पाठीवर नकाशा आलेला. चौथ्या सीटवर मी अर्धा टेकलेला. मशीद बंदरला व्हिडिओ कॉल आला. उचलला तर पडद्यावर आधी तात्यांचा अंगठा, मग धोतराचा काठ, मग एकदम काळंकुट्ट आभाळ.

“दिसलालाय का? निलंग्याकडून येलालाय. ह्यो पडनारा हाय का जानारा?”

“तात्या, मी गाडीत आहे.”

“गाडीत डोळे नसतेत का?”

शेजारच्यांनी मान वाकवली. त्यांचं गाव खटाव. त्यांनी ढगाची खालची कड बघायला मागितली. मी तात्यांना कॅमेरा खाली घ्यायला सांगितलं. पडद्यावर शेळी आली. उभ्या असलेल्या एका मुलानं वीज कुठं पडतेय ते ‘दामिनी’ ॲपवर काढून दाखवलं. खिडकीतल्या गुजराती काकांनी “बरसेगा” एवढंच सांगितलं आणि पुन्हा शेअर बाजार उघडला. भायखळ्यापर्यंत मतं समसमान होती. दादरला नवी माणसं चढली, त्यांना पहिल्यापासून सगळं समजावावं लागलं. कुर्ल्याला कौल लागला, ‘पडणार’. मी तात्यांना घाईघाईनं कळवलं, “झाका!”

तो ढग गेला. पाऊण तासात औशावर चांदणं.

“अख्ख्या डब्याला इचारलं होतं तात्या,” मी म्हटलं.

“मुंबईचा डबा,” तात्या म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी जिवावर उदार होऊन बसलो. चार अंदाज वाचले, उपग्रहाचं चित्र बघितलं, बंगालच्या उपसागरात काही शिजतंय का ते तपासलं. बायको म्हणाली, “अहो, एवढा अभ्यास बारावीला केला असतात तर.” मी उत्तर दिलं नाही. नऊला मीच फोन लावला.

“तात्या, शनिवार-रविवार कोरडे. सोमवारी दुपारनंतर ढग. मंगळवार धोक्याचा. शनिवारीच रास करून टाका.”

“मंगळवारी करलालाव.”

“अहो, मंगळवारीच तर पाऊस सांगतायत!”

“हडंबा मंगळवारी भेटतोय,” तात्या म्हणाले. “गुत्तेदारानं दसऱ्यालाच तारीख दिली. शनिवारी तो उजनीला, रविवारी भाद्याला.”

माझ्या मांडीवर उपग्रहाचं चित्र उघडंच होतं. “म्हणजे तारीख आधीच ठरलेली? मग इतके दिवस मला कशाला विचारता?”

“आता इचारू बी नये का? घरचा मानूस वेधशाळेत हाय,” तात्या म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, “बरं, तुरीवर फवारनी करायची हाय. रविवारी वारं कसं ऱ्हाईल, तेवढं उद्या इचारून ठेव.”