मुलांचा ध्वनिगट गावाच्या काय कामाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘निवृत्त मुख्याध्यापक’ या नावाने प्रतिक्रिया देणाऱ्या सरांना,

ध्वनिगट म्हणजे गावातल्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून, त्याचे कार्यक्रम करून गावालाच ऐकवणारा शाळकरी मुलांचा गट. अशा गटांवरच्या लेखाखाली तुम्ही चार आक्षेप नोंदवलेत. मुलांच्या हातात मोबाइल आधीच नको तितका आहे, त्यात रेकॉर्डिंगचं खूळ कशाला? अशी शिबिरं दोन दिवस चालतात, प्रमाणपत्रं वाटून, फोटो काढून संस्था पुढच्या गावाला जाते. तयार झालेली मुलं दहावीनंतर गाव सोडतात. आणि गावाला नळाला पाणी हवं आहे, ‘माध्यम’ नको. शेवटी, उपयोग झाला हे मोजायचं कसं, असंही विचारलंत. उत्तर जरा लांबलं आहे, कारण तुमचा दुसरा आक्षेप शंभर टक्के खरा आहे आणि बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

दोन दिवसांत मुलं यंत्राला सरावतात आणि एकमेकांच्या मुलाखती घेतात. गावाचा त्यात संबंधच येत नाही. ध्वनिगट चालवायचा तर जून ते फेब्रुवारी, आठवड्यातून दीड तासाची एक बैठक आणि गावात एक फेरी, एवढं किमान हवं. मुलं आठ ते दहा, जास्त नकोत. महिन्याला बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम. हे कमी वाटेल, पण हिशोब करून पाहा: एक मिनिट ऐकण्याजोगा आवाज तयार करायला नवख्या मुलाला पाऊण तास संकलन, म्हणजे रेकॉर्डिंगमधलं नको ते कापणं आणि उरलेलं जोडणं, करावं लागतं. बारा मिनिटांचे नऊ तास झाले. तीन जोड्यांत वाटले तर प्रत्येकी तीन. आठवड्याला कार्यक्रम करू म्हणणारे गट दिवाळीपर्यंत बंद पडतात, कारण सगळं काम शेवटी एका हौशी मुलावर आणि त्याच्या शिक्षकावर येऊन पडतं.

मोबाइलबद्दल. गटासाठी घरातला जुना अँड्रॉइड फोन पुरतो, त्यात सिमकार्ड घालायचंच नाही. मग तो फक्त रेकॉर्डर उरतो. सोबत तारेचा कॉलर माइक (हजाराच्या आसपास), त्यावर वाऱ्यासाठी स्पंज, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, आणि ऐकवण्यासाठी बॅटरीवर चालणारा स्पीकर. फोन सोडून सगळं दहा हजारांच्या आत बसतं. व्हिडिओ मुद्दाम टाळावा असं आमचं मत आहे. कॅमेरा समोर आला की म्हातारी माणसं पदर सावरतात, टोपी नीट करतात आणि भाषण सुरू करतात. मुलींच्या घरूनही आवाजाला जेवढी सहज परवानगी मिळते तेवढी चित्राला मिळत नाही.

चुका ठरलेल्या असतात. कॉलर माइकवर बऱ्याचदा ‘कॅमेरा’ आणि ‘फोन’ असा खटका असतो. तो चुकीच्या बाजूला राहिला की आवाज अगदी बारीक येतो आणि घरी आल्यावर कळतं. नव्या फोनला गोल खाच नसते, टाइप-सी जोडणी लागते. ती फोनने ओळखली नाही तर मुलाखत फोनच्या स्वतःच्या माइकवर जाते. म्हणून नियम असा: बोलणं सुरू करण्याआधी माइकवर नखाने खरवडायचं, दहा सेकंद रेकॉर्ड करायचं आणि हेडफोन लावून ऐकायचं. खरखर मोठी आली तरच पुढे. माइक तोंडापासून वीतभर खाली. फोनच्या पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचावी, शून्याला टेकली की आवाज फाटला, तो मागून दुरुस्त होत नाही. पत्र्याच्या वर्गात रेकॉर्ड करू नये, घुमतं. गोधड्या किंवा धान्याची पोती असलेली खोली कुठल्याही वर्गापेक्षा बरी. पंखा बंद. आणि निघण्यापूर्वी त्याच खोलीतली तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची. वाक्य कापल्यावर पडणारी फट तिनेच भरते, नाहीतर प्रत्येक काप कानाला ठेचकाळतो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो निवडावं: तासाला साधारण ३४५ एमबी जागा लागते. संकलनाला ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. पार्श्वभूमीला सिनेमाची गाणी नकोत. त्यात हक्कांचा प्रश्न आहेच, पण गावात संबळ किंवा ढोलकी वाजवणारा माणूस असताना ती लागतातच कशाला? त्याला मात्र बिदागी द्या.

इथवर सगळं यंत्राचं झालं. शिबिरवाले इथेच थांबतात. फाइल यूट्यूबवर चढवली, लिंक अहवालात गेली, संपलं. गावाच्या दृष्टीने खरं काम इथून पुढे सुरू होतं, ते म्हणजे गावाला ऐकवणं.

या पद्धतीचं गाजलेलं उदाहरण १९६७ सालचं, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावरचं. मासेमारी ढासळलेली, लोकांना बेटावरून हलवण्याचा सरकारी विचार. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो यांनी तिथे दोन डझनांहून अधिक छोटे माहितीपट केले. पण ते आधी बेटावरच दाखवले गेले, आणि ज्याचं बोलणं त्याला ते नको वाटलं तर काढून टाकायचा अधिकार होता. विखुरलेल्या वस्त्यांतल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की शेजारच्या वस्तीचं रडगाणंही आपलंच आहे. मग ते माहितीपट सरकारपुढे गेले, मंत्र्यांचं उत्तर चित्रित करून बेटावर परत आणलं गेलं. पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि बेट रिकामं झालं नाही. सगळं श्रेय माहितीपटांना देणं भाबडेपणाचं होईल, पण आधी आपल्यात, मग सरकारकडे, आणि उत्तर पुन्हा आपल्याकडे हा क्रम मुलांच्या गटांनी जसाच्या तसा उचलावा असा आहे.

आपल्याकडे ऐकवायचं कुठे? देवळाच्या पारावर हे सर्वांच्या तोंडी येणारं उत्तर, आणि तेच चुकीचं. पारावर एका आळीची पुरुषमंडळी येतात, वस्तीवरची माणसं कडेला उभी राहतात, बायका येत नाहीत. एका मोठ्या कार्यक्रमापेक्षा चार छोटे बरे: सकाळी दूध संकलन केंद्राच्या रांगेत, बचत गटाच्या बैठकीत, प्रत्येक वस्तीवर संध्याकाळी एकदा. भोंगा लावायचाच असेल तर लेखी परवानगी घ्या आणि २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम वाचा: रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, शाळा-दवाखान्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. वीस-पंचवीस माणसांना साधा स्पीकर पुरतो आणि भांडणही होत नाही. बारा मिनिटं ऐकवून झाली की वीस मिनिटं लोकांना बोलू द्यायचं, माइक चालू ठेवून. पुढच्या महिन्याचा कार्यक्रम याच बोलण्याने सुरू होतो.

तुमचा पाण्याचा मुद्दा इथे येतो. माध्यमामुळे नळ येत नाही, कबूल. पण टँकरच्या गावात मुलांना महिनाभर एवढंच काम द्या: टँकर कोणत्या वस्तीवर किती वाजता आला, किती घरांना पुरला, हे त्या त्या घरातल्या बाईच्या आवाजात. मग तोच प्रश्न ग्रामसेवकाला विचारायचा आणि उत्तर न कापता ऐकवायचं. हे सगळं महिला ग्रामसभेत आणि मग ग्रामसभेत वाजवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावाला पाठ असतात. सभेत ज्या बाईचा हात वर जात नाही तिचं म्हणणं निदान इतिवृत्तात येण्याची शक्यता तयार होते. त्यापुढचं काम राजकारणाचं, ते मुलांवर लादू नये.

मुलं गाव सोडतात, सोडणारच. म्हणून गट आठवी आणि नववीचा, निम्मा-निम्मा. दहावीला कुणालाच घ्यायचं नाही. नववीचा प्रत्येक मुलगा आठवीच्या एकाला जोडीला घेऊन काम करतो, फेब्रुवारीत किल्ली त्याच्या हातात देतो. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर पुढे गेले म्हणून कुणी कलापथक वाया गेलं असं म्हणत नाही! शिकवणारं मोठं माणूस मात्र गावातलंच हवं: ग्रंथपाल, अंगणवाडी सेविका, एखादी पदवीधर सून. बदली होणाऱ्या शिक्षकावर सगळं उभं केलं तर बदलीबरोबर गटही जातो.

गट मोडण्याचं आणखी एक कारण तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण ते सगळ्यांत धोक्याचं. दोन-तीन कार्यक्रम गाजले की सरपंचांना वाटतं, आपल्याही कामाचं एक होऊन जाऊ दे. एकदा ते केलं की गट पंचायतीचा भोंगा होतो आणि विरोधी आळी ऐकणं सोडते. निवडणुकीच्या महिन्यात शेती, सण, जुनी गाणी, एवढंच घ्यावं. कुणावर आरोप करणारं वाक्य दुसरी बाजू घेतल्याशिवाय वाजवायचं नाही. बोलणाऱ्याला त्याचा भाग आधी ऐकवायचा. मुलांच्या पालकांची लेखी संमती हवी. अत्याचार झालेल्या किंवा गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, तेव्हा असे विषय गटाने घेऊच नयेत. आणि वस्तीवर ऐकवून होण्याआधी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये. तिथे तिचे तुकडे होतात.

जवळ सामुदायिक रेडिओ केंद्र असेल, जसं म्हसवडला ९०.४ वर माणदेशी तरंग आहे, तर मुलांचे कार्यक्रम तिथेही देऊन पाहा. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना केंद्र काढता येतं आणि निम्मा तरी मजकूर स्थानिक असावा लागतो, त्यामुळे त्यांनाही गरज असते. मात्र अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. टँकरची भानगड तिथे न्यायच्या आधी केंद्रचालकांशी बोलावं.

शेवटी तुम्ही विचारलंत, उपयोग झाला हे मोजायचं कसं. व्ह्यूजवरून नाही. एक दोनशेपानी वही घ्यायची, चार रकाने: कुठे ऐकवलं, किती जण शेवटपर्यंत बसले, त्यात बायका किती, आणि पहिल्यांदा बोललेलं माणूस कोण. सलग तीन महिने चौथा रकाना रिकामा राहिला तर कार्यक्रम थांबवून विषय बदलावा.