खोली रिकामी करण्याची वेळ

सुट्टीची माझी कल्पना अगदी साधी होती. खुर्ची आडवी, मी आडवा, समोर समुद्र. समुद्राने त्याचं काम करावं, मी माझं करू नये. या एका चित्रावर मी वर्षभर तग धरून होतो. रिसॉर्टच्या फोटोतही तेच होतं: दोन रिकाम्या खुर्च्या, एक छत्री आणि निळंशार पाणी. त्या फोटोत मुलं नव्हती, एवढी गोष्ट तेवढी माझ्या नजरेतून सुटली.

पहिल्या संध्याकाळी मी खुर्चीत एकंदर चार मिनिटं पडलो. पाचव्या मिनिटाला धाकटी धापा टाकत आली.

"बाबा, वाळूत कुणीतरी गोळ्या सांडल्यात. खूप!"

गेलो. पुळणीवर मण्यांएवढ्या वाळूच्या हजारो गोळ्या, नक्षी काढल्यासारख्या. एवढ्यात थोरला पुस्तक घेऊन हजर. समुद्री प्राण्यांचं हे सचित्र पुस्तक त्याला वाढदिवसाला मीच दिलं होतं. स्वतःच्या पायावर एवढ्या प्रेमाने धोंडा क्वचितच कुणी पाडून घेतला असेल. पुस्तकात म्हटलं होतं, की हे एका चिमुकल्या खेकड्याचं काम. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं खातो आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो.

"बघ, खेकडासुद्धा जेवल्यावर आपलं आपण आवरतो," बायको म्हणाली. हे थोरल्यासाठी होतं, पण बघत ती माझ्याकडे होती.

खरा घात केला तो फाटकाजवळच्या फळ्याने. त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या होत्या. खडकातली डबकी उघडी पडतात ती ओहोटीला, हे पुस्तकात होतं. उद्याची ओहोटी पहाटे 5.40 ला, हे फळ्यावर होतं. या दोन गोष्टी जोडायला नऊ वर्षांच्या मुलाला कुणाची मदत लागत नाही. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे परवा 6.30, तेरवा 7.20. या गतीने नऊ वाजेपर्यंत झोपायला मिळावं, तर मुक्काम आणखी दोन दिवस वाढवायला लागला असता.

तर पहाटे 5.40. डोळे अर्धवट उघडे, हातात बादली. खडकावर पहिलं पाऊल टाकलं आणि तळव्याला करवत लागल्यासारखं झालं. खडकभर पांढरे, टोकदार, इवलेसे डोंगर चिकटलेले. "बार्नेकल," थोरल्याने जाहीर केलं. बापाच्या पायातून रक्त येतंय याची नोंद त्याने नंतर घेतली. हा प्राणी म्हणे लहानपणी हिंडतो-फिरतो आणि मग एक चांगली जागा बघून डोकं खडकाला चिकटवतो, ते कायमचंच. पुढचं सगळं आयुष्य उलटं पडून राहायचं आणि पाणी आलं, की पाय हलवून जेवण तोंडात ओढायचं. मी जखम विसरलो. माझ्या सुट्टीची कल्पना कुणीतरी आधीच अमलात आणली होती आणि तिच्यावर आख्खा वंश चालवला होता.

डबक्यात तारामासा होता. त्याला मेंदू नसतो, रक्त नसतं. जेवताना तो पोट तोंडातून बाहेर काढतो आणि भक्ष्यावर पांघरतो. धाकटीने तिथल्या तिथे स्वतःचं पोट बाहेर काढायचा प्रयत्न केला. पुढे वाळूवर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी जेलीफिश पडली होती. ती मेलेली असली तरी डंख मारू शकते, म्हणून मी दोघांना दंडाला धरून लांब ओढलं.

"हिला मेंदू आहे?"

"नाही."

"हृदय?"

"नाही. हाडंही नाहीत."

"मग आहे काय?"

"पाणी. जवळजवळ 95 टक्के."

धाकटी विचारात पडली. मेंदू नाही, हृदय नाही, हाडं नाहीत, आणि तरी ही मंडळी डायनासोरच्या आधीपासून समुद्रात आहेत. मलाही जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

नाश्त्याच्या हॉलमध्ये जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तपशिलात जायची माझी अजून तयारी नाही. हॉल भरलेला होता. धाकटीला कुजबुजता येत नाही, ती कुजबुजते तेव्हा फक्त चेहरा गुपित सांगितल्यासारखा करते. "बाबा, समुद्रकाकडी श्वास कुठून घेते सांगू?" मी नको म्हणालो. तिने सांगितलं. दोन शब्दांत, खणखणीत. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी चमचा खाली ठेवला आणि "काहीतरीच!" म्हणाले. झालं! खरं बोलूनही खोटं पडणं थोरल्याला सहन होत नाही. त्याने पुस्तक उघडून त्यांच्या बशीशेजारी ठेवलं आणि जोडीला हेही वाचून दाखवलं, की काही समुद्रकाकड्या घाबरल्या, की स्वतःची आतडी बाहेर फेकतात आणि नंतर नवी उगवतात. आजोबा नाश्ता अर्धा टाकून उठले. पुढच्या टेबलावर समुद्रघोड्यात बाळंतपण नर करतो, हा विषय निघाला. बायकोने तो परिच्छेद दोनदा वाचायला लावला.

एक गोष्ट मात्र मी बाप म्हणून ठणकावून सांगितली होती. शंख-शिंपले बघायचे, खेळायचे, शेवटच्या दिवशी परत ठेवायचे. रिकामा शंख कुणाचं तरी घर होऊ शकतो, त्यामुळे एकही घरी न्यायचा नाही. (एक मोठा, गुळगुळीत, ठिपक्याठिपक्यांचा शंख माझ्या चड्डीच्या खिशात होता. पण तो ऑफिसच्या टेबलावर कागद दाबायला. ती वेगळी बाब.)

शेवटच्या रात्री तीनच्या सुमारास बायकोने मला हलवलं. "अरे, बाथरूममध्ये कुणीतरी आहे."

मी कान दिला. खरड, खरड, टक. थोडा वेळ शांत. पुन्हा खरड, टक. अशा वेळी पुरुषाने पुढे व्हायचं असतं असा एक जुना गैरसमज आहे. मी एक चप्पल हातात घेऊन पुढे झालो आणि दिवा लावला. फरशीवर धाकटीने दिवसभराचे शंख धुऊन ओळीने वाळत घातले होते. चोवीस. त्यातले तेवीस जागेवर होते. चोविसावा भिंतीच्या कडेकडेने चालला होता.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने मुलं उठली. थोरला गुडघ्यांवर बसला, टॉर्च मारला आणि हर्षाने ओरडला, "शंखातला खेकडा!" दिवा पडताच पाहुण्याने अंग आत ओढून घेतलं आणि दारात नांगी आडवी लावली. अपरात्री अनोळखी माणसं आली तर मीही हेच करतो.

त्याला लगेच समुद्रात सोडावं, असं मी सुचवलं. ठराव फेटाळला गेला. त्याला जिथून आणला तिथेच सोडायचा, आणि ते खडक आत्ता पाण्याखाली. तोवर बादलीत ठेवायचा, पण नळाचं पाणी चालणार नाही. म्हणून पहाटे साडेतीनला मी बादली घेऊन किनाऱ्याकडे निघालो. फाटकावर रखवालदाराने अडवलं.

"कुठे निघालात साहेब?"

"पाणी आणायला."

"खोलीत पाणी येत नाही?"

"येतं. पण गोडं येतं."

त्याने टॉर्च माझ्या तोंडावरून बादलीवर आणि बादलीवरून पुन्हा तोंडावर फिरवला. मग काही न बोलता तो माझ्याबरोबर पाण्यापर्यंत आला. मला एकट्याला सोडणं त्याला धोक्याचं वाटलं असावं.

सकाळी ओहोटीला सगळे खडकावर. उजेडात दिसलं, की पाहुण्याचा शंख कडेला फुटलेला आहे आणि अंगाला आखूडही होतोय. त्या खेकड्याचं पोट मऊ असतं, ते झाकायला तो गोगलगायींचे रिकामे शंख वापरतो. वाढला, की घर बदलावंच लागतं. मोठा शंख सापडला, की हे खेकडे कधीकधी मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावतात. पहिला नव्यात गेला, की दुसरा पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या. दलाल नाही, कर्ज नाही, हप्ते नाहीत. माझे अजून अकरा वर्षांचे आहेत.

मुलांनी तेवीसच्या तेवीस शंख डबक्यात त्याच्यापुढे मांडले. तो प्रत्येकाशी थांबे, नांगी आत घालून चाचपे, शंख फिरवून बघे आणि पुढे जाई. एकही पसंत नाही.

"अगदी तुझ्यासारखा," बायको म्हणाली. "सतरा घरं बघितलीस आणि सतरा वेळा नाक मुरडलंस."

साडेनऊ वाजले. दहाला खोली सोडायची होती. सामान भरायचं होतं, पाणी चढू लागलं होतं आणि खेकडा तेविसाव्याकडे पाठ करून बसला होता.

"त्याला मोठा पाहिजे," धाकटी म्हणाली. "बाबाच्या खिशातला दे ना."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. भाषण माझंच होतं, त्यामुळे बोलायला काही उरलं नव्हतं. मी खिशात हात घातला आणि ऑफिसच्या टेबलाची शोभा पाण्यात ठेवली.

खेकडा आला. नांगी आत घातली. बाहेरून एक फेरी मारली. पुन्हा नांगी आत. मग क्षणभर एक उघडंवाघडं, वेटोळं, गुलाबीसर अंग दिसलं न दिसलं, आणि ठिपक्यांचा शंख पाय काढून चालायला लागला. मागे तो जुना, फुटका शंख आडवा पडलेला. मुलं टाळ्या पिटणार, तेवढ्यात खडकाच्या फटीतून एक छोटा शंख हलला. थोडा पुढे आला, थांबला, पुन्हा पुढे आला.

माझा फोन वाजला. रिसेप्शनवरून होता.

"सर, खोली कधी रिकामी होईल? पुढचे पाहुणे सामान घेऊन थांबलेत."

"हळू बोल ना बाबा," धाकटी ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "तो आत बघतोय."